जुन्या एसटी स्टँडवर व्हीलचेअर गेटपासून बसच्या दारापर्यंत कशी न्यायची? (सांगली-मिरज)

संगमावरची
नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका जुन्या स्टँडसाठी सुगम्यतेचा प्रस्ताव तयार होतोय. इमारत पाडायची नाही, आहे त्यातच दुरुस्ती. मोजमापं अशी आहेत: पुढच्या अंगणापासून जोतं ४५० मिमी उंच, तीन पायऱ्या. मागच्या बाजूला बस लागतात ते आवार फलाटापेक्षा ३०० मिमी खाली. बस तोंड फलाटाकडे करून तिरक्या उभ्या राहतात, दोन बसमध्ये जेमतेम सव्वा मीटर जागा उरते. चौकशीची खिडकी ११०० मिमीवर. स्वच्छतागृहाच्या दारातून मोकळी जागा ६८० मिमी. जमीन काळी, आणि पुराचं पाणी आवारात येतं. पैसे थोडे आहेत. कुठल्या कामाला आधी हात घालावा आणि कशात फसायला होतं, हे जाणकारांनी सांगावं. "रॅम्प बांधा, झालं" एवढंच सांगणाऱ्यांना हात जोडून विनंती, धागा आधी पूर्ण वाचा.

ओळंबा
ताई, रॅम्पपासून धरतो, कारण तो बहुतेक ठिकाणी असतो आणि बहुतेक ठिकाणी चुकलेला असतो.

उताराची मर्यादा १:१२. म्हणजे ४५० मिमी चढायला ५.४ मीटर. पण ही शेवटची हद्द आहे, दंडक नव्हे. सामान घेतलेला माणूस, पावसाने ओली फरशी, खुर्ची ढकलणारी म्हातारी बाई, हे सगळं धरून १:१५ ठेवा. लांबी होते ६.७५ मीटर. वर आणि खाली दोन्हीकडे १.५ मीटर सपाट जागा लागते. सगळे हीच विसरतात. रॅम्प थेट दाराच्या उंबऱ्याशी संपला तर दार उघडताना खुर्ची मागे घसरते. रुंदी स्टँडवर १५०० मिमी घ्या, आणि ती कठड्याच्या आतून मोजा. गवंडी बाहेरून बाहेर मोजतो, मग हातात १३५० उरते.

आता काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जोतं खोल पायावर असतं, रॅम्प मात्र वरच्या वर टाकलेला असतो. दोन वर्षांत रॅम्प खचतो आणि जोत्याशी २०-२५ मिमीचा ओठ उभा राहतो. मोठ्या चाकाला त्याचं काही वाटत नाही, पुढचं छोटं चाक तिथेच अडतं आणि बसलेला माणूस पुढे झुकतो. इलाज असा: ६०० मिमी काळी माती काढून टाकायची, मुरूम १५०-१५० च्या थरात पाणी मारून रोलरने दाबायचा, त्यावर ७५ मिमी पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), वर १०० मिमीचा एम-२० प्रतीच्या काँक्रीटचा स्लॅब सळयांच्या जाळीसह. जोत्याच्या काँक्रीटमध्ये भोक पाडून १२ मिमीच्या सळ्या ३०० मिमी अंतरावर बसवायच्या, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना धरून राहतात. जुनं जोतं नुसतं दगडी असेल तर सळी धरणार नाही, तिथे आधी काँक्रीटचा पट्टा ओतून घ्या.

स्लॅबचा माल: ६.७५ × १.५ × ०.१ म्हणजे एक घनमीटरच्या थोडं वर. सिमेंटच्या ८ ते ९ गोण्या. मुरूम आणि पीसीसी वेगळं.

वरून फरशी लावू नका. काँक्रीट ओलं असतानाच आडवा झाडू फिरवा, उताराला काटकोनात. पॉलिश केलेला ग्रॅनाइट आणि त्यावर "घसरू नये म्हणून" चिकटवलेली काळी पट्टी हे सरकारी कामांचं लाडकं चित्र आहे. एका पावसाळ्यात पट्टी निघते, ग्रॅनाइट राहतो.

बिल देण्याआधी तपासायचं कसं: १२०० मिमीची सरळ पट्टी उतारावर ठेवा, लेव्हलचा बुडबुडा मध्ये येईपर्यंत खालचं टोक उचला. त्या टोकाखाली ८० मिमी भरले तर १:१५, १०० भरले तर १:१२. १०० च्या वर गेलं तर काम परत. पट्टी आडवी धरूनही बघा. बाजूचा कल २४ मिमीच्या आत हवा, नाहीतर खुर्ची सारखी एका अंगाला ओढते.

कुपवाड_फॅब्रिकेटर
कठड्याचं मी सांगतो. पाईपचा बाहेरचा व्यास ३८ ते ४५ मिमी, मुठीत मावेल असा. बऱ्याच ठिकाणी ५०-६० चा जाड पाईप टाकतात. दिसायला दणकट, पण संधिवाताच्या हाताला पकड मिळत नाही. दोन ओळी: वरची ९००, खालची ७०० मिमीवर. दोन्ही टोकं रॅम्पच्या पुढे ३०० मिमी न्यायची आणि खाली किंवा भिंतीकडे वळवायची. उघडं टोक सोडलं तर साडीचा पदर आणि पिशवीचा बंद हमखास अडकतो.

हिशेब: ६.७५ अधिक ०.६, गुणिले दोन बाजू, गुणिले दोन ओळी, म्हणजे २९.४ मीटर. खांब १.२ मीटरवर धरले तर एका बाजूला ७, दोन्हीकडचे १४, प्रत्येकी १.०५ मीटर (१५० मिमी जमिनीत), म्हणजे १४.७ मीटर. पाईप ६ मीटरचा येतो. एकूण ८ पाईप आणा, थोडा तुकडा उरेल.

स्टेनलेस स्टील ३०४ प्रतीचं घ्या. २०२ प्रतीचं स्वस्त पडतं, पण वर्षभरात तांबूस ठिपके येतात. आणि भाव विचारताना जाडी लिहून घ्या, १.६ मिमीच्या खाली नको.

खांबाच्या तळाला प्लेट लावून चार बोल्ट मारायची पद्धत सगळीकडे आहे. अडचण अशी की तो बोल्ट रॅम्पच्या कडेच्या अरुंद पट्टीत जातो आणि काँक्रीटचा कोपराच उडवतो. त्यापेक्षा काँक्रीट ओतताना खांबांसाठी भोकं ठेवा आणि नंतर नॉन-श्रिंक ग्राउटने (न आकसणाऱ्या सिमेंटच्या मालाने) भरा. हे पाईप चोरालाही जड जातं, ते वेगळं.

अर्धवटराव_मिरज
एवढा खटाटोप कशाला? सगळा फलाटच बसच्या फळीएवढा (आतल्या तळाएवढा) उंच करा ना, मेट्रोसारखा. खुर्ची सरळ आत.

फलाट_नंबर_सात
अर्धवटराव, सगळ्यांना हेच सुचतं, आणि एसटीला हेच लागू पडत नाही. कारण सांगतो.

मेट्रोचं दार फलाटाला चिकटून, एका पातळीत उघडतं. आपल्या साध्या एसटीची फळी जमिनीपासून साधारण मीटरभर वर असते आणि दार डाव्या अंगाला. बस उभी राहते तोंड फलाटाकडे करून. म्हणजे फलाटाला लागतो बंपर, दार नाही. प्रवासी फलाटावरून खाली उतरतो, दोन बसच्या फटीत शिरतो, आणि मग दाराशी पोचतो. फलाट तुम्ही मीटरभर उंच केलात तर उतरायलाच १:१२ ने १२ मीटरचा रॅम्प लागेल.

समजा बस बाजूने लावली. तरी दाराच्या आत पायऱ्या आहेत, त्या खाचेत. उंच फलाट आणि बसची फळी यांच्यामध्ये ती खाच खड्ड्यासारखी उरते. शिवाय दाराची मोकळी रुंदी आणि व्हीलचेअरची रुंदी यांत बोटभर फरक असतो, मधे दांडा असला तर तोही नाही.

म्हणून मूळ प्रश्नाचं उत्तर रॅम्पपेक्षा या शेवटच्या दहा मीटरात आहे. पुढच्या दाराचा रॅम्प छान झाला आणि फलाटावरून बसकडे उतरायला ३०० मिमीची उडी राहिली, तर माणूस आतल्या बाकड्यापर्यंत सन्मानाने येतो आणि तिथून त्याला उचलूनच न्यावं लागतं.

तुमच्या मापांवर जमेल असं:

सगळे फलाट करू नका. टोकाचा एक निवडा, शक्यतो स्वच्छतागृह आणि चौकशी ज्या बाजूला आहे तिकडचा. तिथे बस तिरकी नाही, फलाटाला समांतर, डावं अंग फलाटाकडे करून लागली पाहिजे. त्यासाठी एका तिरक्या बसची जागा जाईल, कधी दोन. डेपो याला नकार देतो, त्यामुळे नकाशावर बसचं वळण काढून दाखवा. आत येताना आणि बाहेर पडताना मागचं चाक कुठून जातं ते खडूने जमिनीवर आखून, खरी बस फिरवून बघितलेलं सर्वांत उत्तम.

त्या टोकाला फलाटातून आवारात उतरणारा ३.६ मीटरचा उतार करा (३०० गुणिले १२), जागा असेल तर ४.५ मीटर. उतार फलाटाच्या कडेला समांतर आणि फलाटातच कापलेला हवा, आवारात बाहेर काढलेला नको. बाहेर आलेल्या उताराचं नाक पहिल्याच आठवड्यात बसच्या टायरखाली जातं. कापलेल्या भागाच्या उघड्या बाजूला कठडा लावा, नाहीतर अंधारात तो खड्डाच.

उतार संपतो तिथे बसच्या दारासमोर १५०० × १५०० मिमी सपाट, तेल न सांडलेली जागा लागते. डिझेल-ऑइलचा थर चढलेल्या डांबरावर खुर्चीचा ब्रेक धरत नाही. म्हणून एवढा चौकोन काँक्रीटचा.

आणि बसमध्ये चढवायला एक अरुंद खुर्ची, साधारण ४०० मिमी रुंदीची, विमानतळावर वापरतात तशी, पट्ट्यांसकट. दोन माणसांना ती धरायचं शिकवावं लागतं: एक मागून हँडलला, एक पुढून खालच्या चौकटीला, चढताना खुर्चीची पाठ बसकडे. खुर्चीच्या हातांना धरून उचललं की ते निसटतात. खालच्या पायरीच्या (लो-फ्लोअर) बसची ऑर्डर निघेपर्यंत हाच मार्ग आहे. मला तो आवडतो असं नाही.

अर्धवटराव_मिरज
मान्य. बंपरचं लक्षातच आलं नव्हतं.

पांढरी_काठी
सगळं चाकांवर चाललंय, जरा काठीकडे या.

स्पर्शी टाइल्स (अंधांना काठीने किंवा पायाने जाणवणाऱ्या) दोन प्रकारच्या. लांब रेघांची म्हणजे "या वाटेने चला", गोल उंचवट्यांची म्हणजे "थांबा, पुढे काहीतरी आहे". दोन्ही ३०० × ३००. ज्या ठेकेदाराने दोन्ही एकसारख्या समजून नक्षी काढली, त्याने वाट दाखवणारी भाषाच पुसली. पायऱ्यांच्या आणि रॅम्पच्या आधी ३०० मिमी सोडून ठिपक्यांची ओळ हवी. वळणाच्या जागी ठिपक्यांचा चौकोन. भिंत, खांब, बाकडी यांच्यापासून रेघांची वाट ६०० मिमी लांब ठेवा.

फलाटाच्या कडेला ठिपके लावताना एक बघा. टायर अडवणारा ओटा नसेल तर बसचं नाक कडेच्या वर येतं. मग ठिपक्यांवर थांबलेल्या माणसाच्या छातीशी आरसा येतो. आधी टायरचा अडथळा नीट जागी बसवा, मग बसच्या नाकापासून मागे मोजून ओळ टाका.

प्रकार: बाहेरच्या भागात काँक्रीटच्या प्रीकास्ट टाइल्स, आत जाड व्हिट्रिफाइड. चिकटवायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या उन्हात कडा सोडतात आणि त्या सुटलेल्या कडेत काठीचं टोक अडकतं. स्टीलची बटणं पावसात गुळगुळीत. रंग पिवळा आणि भोवतालची फरशी गडद, कारण अंशतः दिसणारे लोक रंगावर चालतात. पिवळ्या टाइलभोवती पिवळसर कोटा लावला तर दोघांचंही काम गेलं.

वाट कुठून कुठे: गेट, चौकशी, स्वच्छतागृह, तो टोकाचा फलाट. बास. प्रत्येक फलाटाला फाटे फोडले तर पायाखाली नुसती जाळी होते, कुठला फाटा कुठे जातो ते कळत नाही.

घोषणेसाठी दोन मोठे भोंगे नकोत. पत्र्याच्या छताखाली आवाज घुमतो आणि "तासगाव" की "जत" तेच कळत नाही. दर ६-८ मीटरवर छोटा स्पीकर, आवाज कमी. घोषणेत फलाट क्रमांक आधी, गाव नंतर, आणि तेच दोनदा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तीच माहिती त्याच वेळी फलकावर. अक्षर १२ मीटरवरून वाचायचं असेल तर ४० मिमी, २५ मीटरवरून ८० मिमी उंच. सरकती लाल अक्षरं टाळा, वाचायच्या आत निघून जातात.

ब्रेलची पाटी लावाल तर हाताला लागेल अशा उंचीवर, आणि कृपा करून तिच्यावर संरक्षक काच बसवू नका. हसू नका, बसवतात.

शहाबादी
स्वच्छतागृह. मापाचं एक युनिट साधारण २२०० × २३०० मिमी धरा. जुन्या स्टँडवर एवढी रिकामी जागा नसते, पण शेजारशेजारचे दोन संडास आतून प्रत्येकी ११०० रुंद असतील तर मधली अर्ध्या विटेची भिंत काढून २३१५ मिळतात. दारापासून मागच्या भिंतीपर्यंतची लांबी मात्र दीड मीटरच असते, तेव्हा उरलेली समोरच्या बोळातून घ्यावी लागेल. मधल्या भिंतीवर वरच्या टाकीचा भार नाही ना, ते घण मारण्याआधी बघा.

दार मोकळं ९०० मिमी मिळायचं तर चौकट १००० च्या पुढची. बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार उघडतच नाही. दाराशी ग्रॅनाइटचा उंबरा नको. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो घालतात, त्याऐवजी दारात आडवी जाळी टाका. जाळीची फट १२ मिमीच्या आत, पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या.

कमोडची बैठक ४५० ते ४८० मिमी उंच हवी. साधा कमोड त्याहून बुटका असतो, म्हणून खाली ओटा करतात, आणि तो ऐसपैस करून ठेवतात. मग खुर्चीचा पावठा ओट्याला टेकतो आणि कमोडजवळ जाताच येत नाही. ओटा कमोडच्या पायाएवढाच. मध्यरेषा बाजूच्या भिंतीपासून ४५० ते ५००, दुसऱ्या अंगाला खुर्ची उभी राहील एवढी मोकळीक. बादली, झाडू, फिनाईलचा कॅन नेमके त्याच मोकळ्या जागेत ठेवतात, त्यासाठी भिंतीत वेगळा कोनाडा द्या.

पकडायचे दांडे: भिंतीकडचा स्थिर, मोकळ्या बाजूचा वर उचलता येणारा. अर्ध्या विटेच्या भिंतीत नुसता प्लग ठोकून लावलेला दांडा पूर्ण वजन पडताच हातात येतो. आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टी. ताब्यात घेताना आपल्यातल्या सगळ्यात जाड माणसाला लोंबकळायला सांगा.

संकटाची दोरी जमिनीपासून ३०० मिमीपर्यंत लोंबती हवी, पडलेल्या माणसाच्या हाताला यावी म्हणून. पुसताना भिजते म्हणून सफाईवाले ती गुंडाळून वर अडकवतात. सुती दोरीऐवजी प्लास्टिकची, टोकाला लाल कडी. घंटा वाजायची ती वाहतूक नियंत्रकाच्या केबिनमध्ये, संडासाच्या दारावर नव्हे.

कृष्णाकाठ_४५फूट
पुराचं कोणी बोललं नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेच्या पाण्याला ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा लिफ्टचा विचार सोडा. लिफ्टचा खड्डा आधी भरतो आणि मोटर-पॅनल दुरुस्तीला कोणी पैसे देत नाही. दिव्यांगांना लागणारं सगळं तळमजल्यावरच आणा. वरच्या मजल्यावर पास देण्याची खिडकी असेल तर तीच खाली आणा, त्याला टेबल-खुर्ची सोडून खर्च नाही.

घोषणेचं मशीन आणि घंटेची बॅटरी उंचावर. आवारातल्या टाइल्स वाळूवर नुसत्या मांडलेल्या नकोत, खालची वाळू वाहून गेली की डुगडुगतात. सिमेंटच्या मालावर बसवा. पाणी ओसरल्यावर ठिपक्यांच्या मधे बसलेला गाळ वाळायच्या आत पाण्याच्या झोताने काढा. वाळला की टाइल सपाट झाल्यासारखीच.

आकडेमोड
कागदाची बाजू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या होत्या. नियम आले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत २०२२ लाच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यातला सुगम्यतेच्या निकषांचा नियम १५(१) रद्द केला, कारण कायद्याला हवे तसे सक्तीचे किमान निकष त्यात नव्हते, नुसती मार्गदर्शक तत्त्वं होती, आणि सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत करायला केंद्राला सांगितलं. त्यामुळे "हे फक्त मार्गदर्शक आहे" असं उत्तर आलं तर या तारखेसह लिहा. तांत्रिक आधार म्हणून केंद्राची सुगम्यतेबद्दलची २०२१ ची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं जोडा.

अर्ज एसटीच्या विभाग नियंत्रकांना, प्रत दिव्यांग कल्याण आयुक्त, पुणे यांना. गेटबाहेरचा फुटपाथ आणि रस्त्याचा कर्ब (कडेचा उंच दगड) महापालिकेकडे, त्यांच्या दिव्यांगांच्या ५ टक्के राखीव निधीतून मागा. स्टँडच्या आतलं काम आमदार निधी किंवा जिल्हा नियोजनमधून. दोन्हीचं अंदाजपत्रक वेगळं ठेवा, एकत्र केलं की फाईल "हद्द कोणाची" यावर अडकते.

अंदाजपत्रकात "दिव्यांगांसाठी सुविधा, एकरकमी" असा एकच मुद्दा कधीही नको. उतार, रुंदी, पाईपचा व्यास, दांड्याचे बोल्ट, सगळं ओळीत लिहा. एकरकमीत काय बसवलं ते मोजता येत नाही.

कुपवाड_फॅब्रिकेटर
एक राहिलं. रॅम्पच्या तोंडाशी दुचाकी लावतात म्हणून उलट्या यू आकाराचे पाईप रोवतात. त्यातून खुर्ची जात नाही. आणि खुर्चीसाठी ९०० सोडलं की मोटारसायकलही आरामात जाते, हँडल साधारण ७००-८०० चं असतं. पाईपने हा प्रश्न सुटत नाही. रॅम्पसमोरच्या दीड मीटरवर पिवळ्या तिरक्या रेघा मारा आणि दुचाकी तळाला जागा दुसरीकडे द्या, जवळच. लांब दिली की परत तिथेच लागतात.

संगमावरची
खूप आभार. क्रम असा लावलाय: आधी टोकाचा फलाट, त्याचा उतार आणि दारासमोरचा चौकोन, मग स्वच्छतागृह, मग पुढचा रॅम्प, टाइल्स शेवटी, कारण आधी लावल्या तर बाकीच्या कामात फुटतील. चौकशीच्या खिडकीचा एक भाग ७५० मिमीवर आणून खाली गुडघे जातील एवढी पोकळी ठेवतेय. बस फिरवून बघायला डेपोकडे अर्ज वेगळा करते.

एकच शंका. तयार झालेलं स्वच्छतागृह कुलूप लावून ठेवतात, किल्ली कोणाकडे ते कोणाला माहीत नसतं. त्यावर काय?

शहाबादी
कडी-कोयंडा बसवूच नका. आतून फिरवायची कडी, बाहेरून नाणं घालून उघडता येईल अशी, बाथरूमच्या दारांना मिळते. कुलूप अडकवायला जागाच नसली की स्टोअर म्हणूनही वापरत नाहीत, फिनाईलचे कॅन चोरीला जातील ना. आणि सफाईच्या ठेक्यात या युनिटचा उल्लेख वेगळ्या ओळीत करा, वापर मोफत असंही त्यातच लिहा.